ब्रन्सविकच्या पोटातला कापूस

'ब्रन्सविक' नावाचे एक व्यापारी जहाज १७९२ साली लंडनजवळच्या ब्लॅकवॉल गोदीत पाण्यात उतरले. ईस्ट इंडिया कंपनीसाठी त्याने पूर्वेच्या पाच फेऱ्या पुऱ्या केल्या. सहाव्या फेरीत, जुलै १८०५ मध्ये, मुंबईहून कापूस घेऊन चीनकडे जाताना श्रीलंकेजवळ फ्रेंचांनी ते पकडले. त्याच वर्षी सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी सायमनच्या उपसागरात ते किनाऱ्यावर आदळून फुटले. जहाजाचे आयुष्य इतकेच, तेरा वर्षांचे.

मुंबईच्या इतिहासात या जहाजाचे नाव एका कारणाने टिकले आहे. शेवटच्या फेरीत त्याच्यावर दोन तरुण होते. एक बावीस वर्षांचा पारशी व्यापारी, जमशेटजी जीजीभाई. दुसरा त्याच्याच वयाचा स्कॉटिश डॉक्टर, विल्यम जार्डीन. पुढे एकाच्या नावाने मुंबईत रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली; दुसऱ्याच्या नावाची पेढी चीनच्या किनाऱ्यावरची सर्वांत बलाढ्य पेढी झाली. त्यामुळे 'ब्रन्सविक'ची गोष्ट सांगितली जाते ती या दोघांच्या ओळखीची गोष्ट म्हणून. दोघे डेकवर भेटले, संकटात मैत्री झाली, मैत्रीतून व्यापार वाढला.

ही गोष्ट खोटी नाही. पण ती डेकवरची गोष्ट आहे. मी बीड जिल्ह्यातला, कापूस पिकवणाऱ्या गावातला. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते नोकरी सांभाळून, गॅझेटियर, जुने प्रवासवृत्तान्त आणि व्यापाराचे इतिहास एकेक करून वाचले. माझ्या जिल्ह्याला समुद्र नाही, तेव्हा जहाजांकडे माझे लक्ष जाण्याचे कारण एकच: त्यांच्या पोटात काय भरले होते, हा प्रश्न. 'ब्रन्सविक'च्या पोटात कापूस होता. त्या कापसाच्या बाजूने हे जहाज पाहिले की त्याच्या तेरा वर्षांचा अर्थ बदलतो, आणि आमच्याकडच्या काळ्या रानाशी त्याचे नातेही दिसू लागते. ते नाते सरळ नाही. म्हणूनच ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

भाड्याचे जहाज

कंपनीचे जहाज म्हटले की ते कंपनीच्या मालकीचे असेल, असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा तसे नसे. लंडनमधले काही धनिक वाटेकरी होऊन जहाज बांधत आणि कंपनीला फेरीच्या हिशेबाने भाड्याने देत. त्यांच्या वतीने सगळा कारभार पाहणारा एक मुख्य भागीदार असे. जहाजाने किती फेऱ्या कराव्यात यालाही मर्यादा होती. आधी चार, पुढे ती सहापर्यंत वाढली. ओक लाकडाचे जहाज उष्ण समुद्रात किडीने आणि कुजीने लवकर खिळखिळे होई. 'ब्रन्सविक' सहाव्या फेरीवर होते, म्हणजे व्यापारी हिशेबाने ते उतारवयातले जहाज होते.

कप्तानाची जागा ही नोकरी कमी आणि मिळकत जास्त, असा प्रकार होता. पगार बेताचा, पण जहाजातली काही टन जागा कप्तानाला स्वतःच्या मालासाठी मिळे. खालच्या अधिकाऱ्यांना हुद्द्याप्रमाणे त्याहून कमी. जहाजावरच्या डॉक्टरच्या मदतनिसालाही दोन पेट्यांपुरती जागा असे. विल्यम जार्डीन १८०२ मध्ये 'ब्रन्सविक'वर चढला तो अशाच मदतनिसाच्या हुद्द्यावर, वयाच्या अठराव्या वर्षी. एडिंबरोला शल्यविद्येची परीक्षा देऊन तो आला होता. रोग्यांची देखभाल करता करता त्या दोन पेट्यांच्या जागेने त्याला व्यापाराची गोडी लावली. पुढच्या साऱ्या साम्राज्याचे बीज त्या दोन पेट्यांत आहे.

बाराशे टनांहून मोठी अशी जहाजे तेव्हा मुख्यतः चीनच्या फेरीसाठी बांधली जात. कारण चहा. इंग्लंडमध्ये चहावर शंभर टक्क्यांहून जास्त कर होता. १७८४ मध्ये तो एकदम साडेबारा टक्क्यांवर आला. चोरट्या आयातीला खीळ बसली आणि कंपनीच्या चहाचा खप काही वर्षांतच दुपटीच्या पुढे गेला. तो चहा मिळे एकाच ठिकाणी, दक्षिण चीनमधल्या कँटन बंदरात. परदेशी लोकांना व्यापाराची मुभा तिथेच आणि तीही सरकारने नेमलेल्या मोजक्या चिनी व्यापाऱ्यांमार्फत. त्या व्यापाऱ्यांना इंग्रजी लोकरीचे कापड फारसे नको होते. त्यांना हवी होती चांदी. आणि इतकी चांदी दरवर्षी पाठवणे कंपनीला परवडेना.

इथे हिंदुस्थानचा कापूस उपयोगी पडला. दक्षिण चीनमध्ये सूतकताई आणि विणकाम घरोघर चाले, पण तिथला कापूस त्याला पुरत नसे. मुंबईहून कच्चा कापूस न्यायचा, कँटनला विकायचा, त्या पैशांत चहा घ्यायचा आणि तो लंडनला न्यायचा: हा तीन पायांचा व्यवहार १७८४ नंतर झपाट्याने वाढला. 'ब्रन्सविक'चा जन्म या व्यवहाराच्या भरतीच्या काळातला आहे. लंडन, मुंबई, कँटन आणि परत लंडन, अशा पुऱ्या फेरीला दीड ते दोन वर्षे लागत. तेरा वर्षांत पाच फेऱ्या पुऱ्या आणि सहावी अर्धवट, हे गणित त्यावरून उलगडते.

त्याच तेरा वर्षांतले आपले मुलूख

जहाजाची कारकीर्द लिहिताना तारखा फक्त समुद्रावरच्या दिल्या जातात. त्यांच्या शेजारी दख्खनच्या तारखा ठेवून पाहू.

'ब्रन्सविक' तीन वर्षांचे होते तेव्हा, ११ मार्च १७९५ रोजी, खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. खर्डा आज जामखेड तालुक्यात येतो, पण आमच्या पाटोद्याकडच्या लोकांना ते शेजारचे गाव. १८०२ मध्ये, जार्डीन पहिल्यांदा जहाजावर चढला त्या वर्षी, पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई इथे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवले. याच लगीनघाईत १८०३-०४ चा दुष्काळ पडला. पाऊस तर गेलाच होता. त्यावर फौजांनी चारा, धान्य आणि बैल ओढून नेले. दख्खनमधली माणसे घाट उतरून कोकणात आणि मुंबईत गेली. मुंबई सरकारने बाहेरून तांदूळ आणवला, भुकेल्यांना जेवण घातले. तरी रस्त्यारस्त्यावर माणसे मेली.

'ब्रन्सविक'मध्ये १८०५ च्या उन्हाळ्यात कापूस भरला गेला तो अशा मुंबईत. एका बाजूला घाटावरून आलेली उपाशी माणसे, दुसऱ्या बाजूला चीनला जाणाऱ्या मालाची घाई. त्याआधी फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटातल्या बाजाराला मोठी आग लागून घरे आणि गोदामे जळाली होती. तिची पुनर्बांधणीही त्याच वर्षांत चालू होती. घाटावरून आलेल्या मजुरांना शहरात जे काम मिळाले ते अशा बांधकामांवर आणि बंदरावर. त्या वर्षी गाठी वाहणाऱ्यांत घाटावरची माणसे असणार, हा माझा तर्क आहे. पण दुष्काळाने घाट उतरलेला माणूस हमालीकडे वळतो, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

कोटातले कापसाचे मैदान

त्या काळी मुंबईचा कापूस बाजार किल्ल्याच्या आत, सेंट थॉमस चर्चसमोरच्या मोकळ्या मैदानात भरे. त्याला 'कॉटन ग्रीन' म्हणत. उघड्यावर कापसाचे ढीग, त्यांच्यात बैलगाड्या, त्यांच्यात तोलणारे आणि दलाल. हा बाजार १८४४ मध्ये कुलाब्याला हलला. आजच्या मुंबईकराला हार्बर मार्गावरचे कॉटन ग्रीन स्टेशन माहीत असते. ते या बाजाराच्या त्याहून पुढच्या स्थलांतराची खूण आहे.

कापसाचे माप खंडीचे. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे आजच्या साडेतीनशे किलोंहून थोडी जास्त. आजही आपल्या बाजारपेठेत रुईचा भाव खंडीवर सांगतात, तिचे मूळ इथे आहे. कापूस हलका आणि फुगीर असतो. तसाच भरला तर जहाज अर्धेही भरत नाही आणि भाडे मात्र पुरे बसते. म्हणून मुंबईत मळसूत्राचे दाब बसवले होते. मोठ्या लाकडी दांड्यांना माणसे जुंपून स्क्रू फिरवायचा आणि कापूस दाबून गाठ बांधायची. जहाजात गाठी रचतानाही त्या पुन्हा यंत्राने रेटून बसवत, म्हणजे फटीला जागा राहू नये.

हा कापूस कुठला होता? त्या काळात मुंबईहून चीनला जाणारा कापूस प्रामुख्याने गुजरातचा: भडोच, सुरत आणि काठेवाडकडचा. तो छोट्या गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला येई. आमच्याकडचा, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातला आणि वऱ्हाडातला कापूस तेव्हा मुंबईकडे फारसा पाहत नव्हता. त्याचा मोठा भाग गावातच कातला-विणला जाई. उरलेला लमाणांच्या तांड्यांवर लादून उत्तरेला मिर्झापूरपर्यंत जाई. मुंबई जवळ होती, पण मध्ये सह्याद्री होता. घाटातून गाडी जाण्याजोगा रस्ता नव्हता आणि वाटेत ठिकठिकाणी जकाती होत्या. ही गोष्ट पुढे बदलली, आणि ती कोणी बदलली याचा एक धागा 'ब्रन्सविक'पर्यंत जातो.

बाटलीवाल्यांचा जावई

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. सोळाव्या वर्षी आई-वडील दोघेही गेले. मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी यांच्याकडे ते राहिले. फ्रामजींचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा, म्हणून आडनाव बाटलीवाला. जमशेटजींनाही सुरुवातीला त्याच नावाने ओळखत. १८०३ मध्ये फ्रामजींची मुलगी अवाबाई हिच्याशी त्यांचे लग्न झाले. त्याआधीच, १७९९ च्या सुमारास, एका नातेवाइकाचा कारकून म्हणून ते चीनची पहिली फेरी करून आले होते. दुसऱ्या फेरीला पस्तीस हजार रुपये कर्ज काढून स्वतःचा माल नेला. अशा त्यांच्या एकूण पाच फेऱ्या झाल्या. 'ब्रन्सविक'वरची फेरी चौथी.

या माणसाचे पुढचे वैभव माहीत असल्यामुळे आपण विसरतो की १८०५ मध्ये तो मालाबरोबर स्वतः प्रवास करणारा व्यापारी होता. माल पाठवून घरी बसण्याइतकी पत त्याची झाली नव्हती. जहाज गेले तर त्याचे सगळेच जाणार होते.

काळ धोक्याचा होता. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात १८०३ पासून पुन्हा युद्ध सुरू होते. हिंदी महासागरात फ्रेंच ॲडमिरल लिन्वा 'मारेंगो' या ७४ तोफांच्या युद्धनौकेवरून फिरत होता. फेब्रुवारी १८०४ मध्ये चीनहून निघालेल्या कंपनीच्या व्यापारी जहाजांच्या मोठ्या ताफ्याने युद्धनौकांचे सोंग आणून त्यालाच पळवून लावले होते. त्याची फ्रान्समध्ये नाचक्की झाली होती. त्यामुळे पुढच्या वर्षी तो एकट्यादुकट्या जहाजांच्या मागावर होता.

कंपनीच्या जहाजांवर तोफा असत, पण युद्धकाळात माणसे पुरत नसत. इंग्रज आरमार व्यापारी जहाजांवरचे गोरे खलाशी जबरदस्तीने उचलून नेई. त्यांच्या जागी भरती होई ती आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांची. त्यांना 'लास्कर' म्हणत. कोकण, गोवा, काठेवाड, बंगाल इथली ही माणसे. त्यांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. शिडे, दोर, नांगर यांचे काम त्यांच्याइतके कोणी जाणत नसे. तोफा चालवण्यासाठी मात्र त्यांना घेतलेले नसे.

११ जुलै १८०५

'ब्रन्सविक' मुंबईहून निघाले तेव्हा त्याच्याबरोबर 'सारा' नावाचे दुसरे जहाज होते. 'सारा' हे इकडेच, आशियातल्या बंदरांमध्ये व्यापार करणारे जहाज. पावसाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्यावर श्रीलंकेला वळसा घालून चीनच्या समुद्राकडे जायचे, ही नेहमीची वाट. गॉलजवळ ११ जुलैला लिन्वाच्या दोन युद्धनौकांनी, 'मारेंगो' आणि 'बेल पूल' यांनी, त्यांना गाठले. 'सारा'च्या कप्तानाने शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा जहाज किनाऱ्यावर घातले. जड भरलेल्या 'ब्रन्सविक'ला पळताही येईना आणि एका ७४ तोफांच्या युद्धनौकेशी झुंजताही येईना. कप्तान जेम्स लुडोविक ग्रँट याने निशाण उतरवले.

युद्धात पकडलेले जहाज, त्यातल्या मालासकट, पकडणाऱ्याची लूट ठरे. जमशेटजींचा माल गेला. जार्डीनच्या दोन पेट्या गेल्या. जहाजावरची माणसे कैदी झाली.

लिन्वा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे निघाला. केप तेव्हा डचांकडे होते आणि डच फ्रान्सचे मित्र. 'ब्रन्सविक'ही तिकडे नेले गेले. सप्टेंबरात सायमनच्या उपसागरात ते पोचले आणि तिथेच वादळात किनाऱ्यावर जाऊन फुटले. चिनी चात्यांवर जायचा तो कापूस आफ्रिकेच्या वाळूत भिजला. सायमन्स टाउनजवळ त्या जहाजाचे अवशेष आजही पाण्याखाली आहेत. लिन्वालाही ही लूट लाभली नाही; पुढच्याच मार्चमध्ये तो त्याच्या दोन्ही नौकांसह इंग्रजांच्या हाती सापडला.

जमशेटजी केपला पोचले ते हातात काही नसताना. तिथून एका डॅनिश जहाजावर जागा मिळवून ते कलकत्त्याला आणि पुढे मुंबईला परतले. त्यांनी धंदा सोडला नाही. पाचवी फेरी केली, आणि नंतर मात्र मुंबईतच बसून माल पाठवू लागले.

जहाज बुडाले, वाट राहिली

आता या अपघाताचा हिशेब मांडू. जहाजाच्या वाटेकऱ्यांचे नुकसान झाले. पण जहाज उतारवयातले होते आणि असल्या जोखमीसाठी विमा नावाची सोय लंडनला होती, मुंबईलाही होती. कंपनीचा एका फेरीचा चहा चुकला. जमशेटजींची काही वर्षांची कमाई गेली. जार्डीन पुन्हा दुसऱ्या जहाजावर रुजू झाला. म्हणजे १८०५ च्या पावसाळ्यात जे बुडाले ते भरून निघण्याजोगे होते. जे उरले ते जास्त मोलाचे निघाले: कँटनचा बाजार आतून पाहिलेल्या दोन माणसांची एकमेकांशी ओळख.

जार्डीनने १८१७ मध्ये कंपनीची नोकरी सोडली. १८१९ मध्ये मुंबईत 'सारा' नावाचेच एक नवे जहाज बांधले गेले. त्यात मुंबईचे फ्रामजी कावसजी यांच्याबरोबर जार्डीनचा वाटा होता. १८३२ मध्ये 'जार्डीन मॅथेसन आणि कंपनी' स्थापन झाली. तोवर जमशेटजींनी मोतीचंद अमीचंद, महमद अली रोगे आणि गोव्याकडचे रोजेरिओ द फारिया यांच्याशी भागी करून स्वतःची जहाजे केली होती. जार्डीन मॅथेसनकडे मुंबईहून येणाऱ्या मालाचा सर्वांत मोठा पाठवणारा जमशेटजी हाच होता.

पण माल आता तो राहिला नव्हता. १८२० नंतरच्या काही वर्षांत कँटनच्या आयातीत अफूने कापसाला मागे टाकले. माळव्याची अफू मुंबई आणि दमणमार्गे चीनला जाऊ लागली. चीनमध्ये ती बेकायदा होती, म्हणून कंपनी तिला स्वतःच्या जहाजावर चढू देत नसे. खासगी जहाजे ती नेत. कंपनीचे हात कोरडे राहत आणि तिच्या चहाचे पैसे मात्र अफूतून निघत. १८३९ मध्ये चिनी सरकारचा अधिकारी लिन झेशू याने अफूच्या २०,२८३ पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावरून युद्ध झाले, ते १८४२ च्या नानकिंगच्या तहाने संपले आणि हाँगकाँग इंग्रजांना मिळाले. त्याच १८४२ मध्ये जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला; तो मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

त्यांच्या दानाची यादी मराठी वाचकाला सांगायला नको. जे. जे. रुग्णालय, जे. जे. कलाशाळा, पुण्याला मुळा-मुठेवरचा बंडगार्डनचा बंधारा. अवाबाईंनी सुमारे दीड लाख रुपये दिले म्हणून १८४५ मध्ये माहीमचा रस्ता झाला. तोवर त्या खाडीत होड्या उलटून माणसे बुडत. आमच्या गावातून पूर्वी कुणाला मोठे दुखणे झाले की 'जेजे'ला न्यायचे ठरे. त्या इमारतीने वाचवलेली माणसे मी पाहिली आहेत. चीनमध्ये त्या पैशाने मेलेली माणसे मी पाहिलेली नाहीत. ती मी वाचली आहेत. यातले एक दुसऱ्याने पुसले जात नाही. दोन्ही नोंदी एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर ठेवणे, एवढेच इतिहास लिहिणाऱ्याच्या हातात असते.

आमचा कापूस वाटेला लागतो

गुजरातच्या कापसाने ज्या वाटेची सुरुवात झाली, तिच्यावर दख्खनचा कापूस कसा आला, हे वऱ्हाडच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. तारापूरचे दोन पारशी बंधू, विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी, निजामाच्या राज्यात मोठे सावकार झाले होते. १८२५-२६ मध्ये त्यांच्या पेढीने वऱ्हाडातून थेट मुंबईला कापूस पाठवला: ५०० बैल, १,२०,००० पौंड, किंमत २५,००० रुपये.

हा आकडा उलगडून पाहण्यासारखा आहे. एका बैलावर २४० पौंड, म्हणजे एकशे नऊ किलोंच्या आसपास. सगळा माल मिळून १५३ खंड्या. खंडीला साधारण १६३ रुपये. 'ब्रन्सविक'सारख्या जहाजाच्या पोटाचा एक कोपराही त्याने भरला नसता. पण अकरा वर्षांनी, १८३६ मध्ये, हीच पेढी २६,००० बैलांवरून बारा लाख रुपयांचा कापूस मुंबईला धाडत होती. आता मात्र जहाजेच्या जहाजे भरतील इतका तो माल झाला. त्यांनी कापूस दाबण्याचे यंत्र देशावर आणले, म्हणजे बैलाच्या पाठीवरची गाठ लहान झाली. मुंबईच्या गोदीतली युक्ती आता कापसाच्या शेताजवळ आली.

या पेढीचा शिरकाव फक्त व्यापारात नव्हता. निजाम सरकारला दिलेल्या कर्जापोटी वसुलीचे हक्क तिच्याकडे आले होते. औरंगाबादची टांकसाळही १८३२ पासून दहा वर्षे पेस्तनजींच्या हाती होती. तिथल्या रुपयाला लोक 'पेस्तनशाही' म्हणत. म्हणजे शेतसारा घेणारा, ज्या नाण्यात तो भरायचा ते पाडणारा आणि सारा भरण्यासाठी विकलेला कापूस उचलणारा, हे तिन्ही एकाच पेढीत आले. शेतकऱ्याला मुंबई किंवा कँटन माहीत असण्याची गरजच उरली नाही. त्याने सारा भरला की तो आपोआप कँटनच्या बाजाराला जोडला जाई. पुढे निजाम सरकारशी वाद होऊन या पेढीचे १८४५ मध्ये वाटोळे झाले. वाट मात्र बंद झाली नाही. रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीत कापसाचे भाव चढले आणि पडले, जिनिंगची यंत्रे आली. प्रत्येक वेळी आमच्या पऱ्हाटीचा भाव कुठेतरी दूर ठरत राहिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले, तेव्हा वेचणी तोंडावर आली होती. गेवराई-माजलगावच्या बाजारात त्या आठवड्यात जी चर्चा होती, तिचे मूळ शोधत गेलो तर ते या गाठींपर्यंत पोचते.

वहीतली एक बाजू

'ब्रन्सविक'च्या तेरा वर्षांचे कागद दोन प्रकारचे. एक समुद्रावरचे: कुठल्या तारखेला कुठे नांगर टाकला, वारा कसा होता, कोण आजारी पडला. दुसरे पैशाचे: किती गाठी, किती पेट्या, कोणाच्या नावावर. या दोन्ही कागदांत कापूस येतो तो गाठ म्हणून, जणू तो कोटातल्या मैदानावरच उगवला. सरकी पेरणारा, बोंडे वेचणारी, रेचावर सरकी काढणारी माणसे त्याआधीच संपतात. जमशेटजी आणि जार्डीन यांचे नुकसान इतिहासात नोंदले गेले, कारण माल हरवला तेव्हा तो त्यांच्या नावावर होता. ज्याच्या नावावरून तो आधीच उतरला होता, त्याला नुकसानीत जागा नाही आणि नफ्यातही नाही.

ही बाजू लंडनच्या दफ्तरखान्यात मिळणार नाही. ती मिळाली तर इकडेच मिळेल. धारूर, अंबाजोगाई, माजलगाव, मानूर अशा जुन्या पेठांतल्या वाड्यांत सावकारांच्या आणि आडत्यांच्या मोडी वह्या अजून आहेत. लाल कापडात बांधलेल्या, लांबोळक्या. कुणाकडून किती कापूस, कशाच्या बदल्यात, उचल किती, व्याज किती, कुठल्या तांड्यावर लादून कुठे पाठवला: जहाजाच्या कागदांत नसलेली सगळी नावे असल्या वह्यांत सापडतात. वाडा पडला की त्या रद्दीत जातात. मोडी वाचणारे हात कमी होत चालले आहेत. पण मोडी शिकायला दोन-तीन महिने पुरतात, हे मी स्वतः शिकून सांगतो.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पुष्कळ दुकानांत आणि घरांत नवी वही पुजली जाईल. ज्यांच्या माळ्यावर जुन्या वह्यांचे गाठोडे असेल, त्यांनी ते एकदा खाली उतरवून पाहावे. झटकून, फोटो काढून ठेवावेत आणि जवळच्या महाविद्यालयाला किंवा वाचनालयाला कळवावे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजाचे खिळेसुद्धा लोकांनी पाण्यात उतरून मोजले आहेत. आपल्या माळ्यावर चढायला शिडी पुरते.